मलेरियाचा डास पाण्यातच गाठायचा असेल तर

मुंबईत मलेरियाचे रुग्ण वाढायला लागले की सोसायटीच्या ग्रुपवर पहिली मागणी येते गटार साफ करण्याची आणि दुसरी धूर मारण्याची. दोन्ही होतं आणि मलेरिया जिथल्या तिथे राहतो. गटारात वाढतो तो क्युलेक्स. तो झोप उडवतो, हत्तीरोग पसरवतो, पण मलेरियाशी त्याचा संबंध नाही. शहरातला मलेरिया पसरवते अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सीची मादी, आणि तिला अंडी घालायला तुलनेने स्वच्छ, साचलेलं पाणी लागतं. गच्चीवरची टाकी, जमिनीखालची सक्शन टाकी, पडीक विहीर, लिफ्टचा खड्डा, बांधकामावरचं पिंप, स्लॅबवर क्युरिंगसाठी, म्हणजे ताजं सिमेंट ओलं ठेवायला, अडवलेलं पाणी, बंद पडलेलं कारंजं. म्हणजे आपण हौसेने किंवा गरजेने साठवलेलं पाणी.

धुराबद्दल एकदाच बोलून घेऊ. धुरीकरणाने त्या क्षणी हवेत उडणारे डास मरतात. पडद्यामागे बसलेले वाचतात, टाकीतल्या अळ्यांना तर धुराचा पत्ताही लागत नाही, आणि दोन दिवसांत नवे डास बाहेर पडतात. साथ भडकलेली असताना, रुग्णाच्या घराच्या आजूबाजूला त्याचा उपयोग आहे. दर शनिवारी गल्लीतून पांढरा ढग सोडत फिरणं हे मुख्यतः लोकांच्या समाधानासाठी असतं.

आता पाण्याकडे वळू.

आठवड्याचं गणित

मादी एका वेळी साधारण ५० ते २०० अंडी घालते, एकेक सुटी, पाण्याच्या पृष्ठभागावर. अंड्याला दोन्ही बाजूंना हवेचे छोटे तरंगक असतात. दोनेक दिवसांत अळी बाहेर येते, चार वेळा कात टाकत वाढते आणि मग स्वल्पविरामाच्या आकाराचा कोष होते. कोष काही खात नाही. दीड-दोन दिवसांत तो फुटतो आणि डास उडतो. मुंबईच्या पावसाळी हवेत, २८ ते ३० अंश सेल्सिअसला, हे सगळं आठ ते दहा दिवसांत आटोपतं. आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा, म्हणजे साठवलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करा, असं सांगतात ते याच हिशोबाने. सात दिवसांच्या आत पाणी एकदा ओतून टाकलं की त्या पाण्यातला डास उडत नाही. दहा दिवसांनी केलेली स्वच्छता मात्र जवळजवळ वाया जाते.

एडिसच्या, म्हणजे डेंग्यूच्या डासाच्या, बाबतीत पिंप घासून काढावं लागतं, कारण त्याची अंडी कोरड्या कडेला चिकटून महिनोनमहिने जिवंत राहतात. अ‍ॅनोफिलीसची अंडी असा कोरडेपणा फार काळ सोसत नाहीत. पण दोन्ही डास एकाच पिंपात सापडतात, त्यामुळे घासूनच घ्यावं.

दुसरा हिशोब जास्त महत्त्वाचा आहे आणि तो बहुतेक मोहिमांत चुकतो. मच्छरदाणीने किंवा घरातल्या फवारणीने मोठ्या डासाचं आयुष्य कमी होतं. मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात तयार व्हायला नऊ-दहा दिवस किंवा जास्त लागतात, त्यामुळे डास लवकर मेला तर संसर्गाची साखळी झपाट्याने तुटते. अळ्या मारून डासांची फक्त संख्या कमी होते, उरलेले आपलं पूर्ण आयुष्य जगतात. शिवाय अर्ध्या अळ्या मारल्या तर उरलेल्यांना खाणं जास्त मिळतं, त्या चांगल्या पोसल्या जातात आणि त्यांतल्या जास्त जगतात. म्हणून निम्म्या टाक्या झाकल्या की निम्मा मलेरिया कमी झाला, असं होत नाही. आवारातल्या दहा जागांपैकी नऊ नीट केल्या आणि दहावी म्हणजे काठोकाठ भरलेलं तळघर असेल, तर हाती जवळजवळ काही लागत नाही. हे काम सरसकट करायचं, नाहीतर त्यावर पैसे घालवू नयेत, इतकं स्पष्ट माझं मत आहे.

अळी ओळखणं आणि मोजणं

पाणी स्थिर झालं की बघा. अळी पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली दिसली तर ती अ‍ॅनोफिलीसची. तिला श्वासनळी नसते, शेपटीजवळच्या छिद्रांतून ती श्वास घेते, म्हणून तिला पाण्याच्या पातळीला चिकटून राहावं लागतं. डोकं खाली करून तिरपी लटकलेली अळी क्युलेक्सची किंवा एडिसची. एवढं ओळखता आलं तर अर्धं काम झालं.

मोजायला ३५० मिलीलीटरचा डिपर, म्हणजे लांब दांड्याचा पेला, वापरतात. तो नसेल तर तेवढ्याच मापाचा पांढरा प्लास्टिकचा मग काठीला घट्ट बांधला तरी चालतो. पांढरा एवढ्यासाठी, की त्यात पहिल्या अवस्थेतल्या दोऱ्याच्या तुकड्याएवढ्या अळ्याही दिसतात. पाण्यावर आपली सावली पडू द्यायची नाही. सावली किंवा धक्का जाणवला की अळ्या बुडी मारतात, आणि घाईतला माणूस ‘काही नाही’ असं लिहून पुढे जातो. तसं झालं तर तीन-चार मिनिटं थांबायचं, त्या पुन्हा वर येतात. मग ४५ अंशांत तिरपा धरून काठाशी, गवताशी, तरंगत्या कचऱ्याशी हळूच बुडवायचा. मोठ्या पाण्याच्या मधोमध बुडवून उपयोग नाही, अळ्या कडेला असतात. दहा डिप घ्यायचे. विहिरीत दोरीला बांधलेली बादली सोडायची, कडेकडेने, आणि ते पाणी पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून बघायचं.

नोंद करताना ‘अळ्या आहेत’ एवढंच लिहू नये. लहान अळ्या (पहिली-दुसरी अवस्था), मोठ्या अळ्या (तिसरी-चौथी) आणि कोष असे तीन रकाने हवेत. फक्त लहान अळ्या म्हणजे गेल्या फेरीनंतर कोणीतरी अंडी घालून गेली, एवढंच. कोष सापडला म्हणजे गेल्या आठवड्याची फेरी इथे पोचलीच नाही किंवा औषध लागू पडलं नाही. जागा किती पॉझिटिव्ह निघाल्या, म्हणजे किती ठिकाणी अळ्या मिळाल्या, याच्यापेक्षा कोष किती ठिकाणी मिळाले हा आकडा कामाचा दर्जा खरा सांगतो.

टाकी: झाकण असतं, बंद नसतं

जवळपास प्रत्येक टाकीला झाकण असतं. प्रश्न फटीचा आहे. प्लास्टिकच्या टाकीचं झाकण दोन-तीन उन्हाळ्यांत वाकडं होतं, आटे बसत नाहीत, मग त्यावर विटेचा तुकडा ठेवतात. वीट मधोमध दाब देते आणि कडा उचलते. कुठे मोटरचा पाइप झाकणातूनच आत सोडलेला असतो आणि भोक पाइपाच्या दुप्पट. कुठे पाण्याची पातळी कळावी म्हणून आत सोडलेल्या सेन्सरच्या वायरीमुळे झाकण बोटभर वर राहतं. डासाला तेवढी वाट पुरून उरते.

टाकी नीट करायची म्हणजे साधारण असं. झाकण बदलून कडेला रबरी गॅस्केट बसवायची आणि झाकणाला कडी-कुलूप लावायचं. पाइप आणि वायर झाकणातून न आणता टाकीच्या अंगातून, वरच्या बाजूला फ्लँज लावून आणायची. व्हेंट आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाला जाळी हवी, इंचाला १६ छिद्रांची, म्हणजे भोक सुमारे १.२ मिलीमीटरचं. जाळी स्टीलची घ्यावी. साध्या लोखंडी जाळीला मुंबईच्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंज चढतो, आणि प्लास्टिकची जाळी उन्हाने कुडकुडीत होऊन हाताने तुटते. सुतळीने बांधलेली जाळी वाऱ्याने जाते, त्यासाठी स्टीलची क्लिप हवी.

ओव्हरफ्लोच्या जाळीत एक हमखास अडचण येते. पाइप दोन इंची असेल आणि त्यावर नेमकी तेवढीच जाळी लावली, तर शेवाळ आणि क्षार साचून ती महिन्या-दोन महिन्यांत तुंबते. वॉल्व्ह बिघडला की पाणी झाकणावरून वाहतं, आणि प्लंबर आधी स्क्रूड्रायव्हरने जाळीला भोक पाडतो. त्याचंही चूक नाही. उपाय म्हणजे पाइपाच्या तोंडाला दोनाचा चार इंची रिड्यूसर उलटा लावून जाळी त्या रुंद तोंडावर ताणायची. क्षेत्रफळ चौपट होतं, तुंबणं कमी होतं, आणि दर तीन महिन्यांनी ब्रश मारला की पुरतं.

‘आमची टाकी रोज रिकामी होते’ हे उत्तर नेहमी ऐकू येतं. टाकीचा नळ तळापासून काही इंच वर असतो. पाणी उतरलं की पृष्ठभागावरच्या अळ्या पाण्याबरोबर खाली येतात, तळाच्या पाण्यात थांबतात आणि टाकी भरली की पुन्हा वर. रोजच्या वापराने टाकी निर्धोक होत नाही.

सगळ्यात वाईट अवस्था अग्निशमनाच्या टाकीची. तिचं पाणी वापरात नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही, आणि बहुतेकदा ती पाण्याच्या टाकीपेक्षा मोठी असते. तपासणीच्या यादीत ती पहिली असावी. आणि तपासणी व्हायची असेल तर टाकीला पक्की लोखंडी शिडी हवी. शिडी नसलेली टाकी कोणीच बघत नाही, कर्मचारी खालूनच ‘झाकण आहे’ असं लिहून जातो.

बांधकाम

स्टीफेन्सीच्या दृष्टीने शहरातली सर्वांत सोयीची जागा म्हणजे चालू बांधकाम. आरसीसी स्लॅब टाकल्यावर गवंडी त्यावर सिमेंट-वाळूच्या बोटभर उंचीच्या बांधांची आळी करून पाणी साठवतो. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, फ्लाय अ‍ॅश किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटला किमान १० दिवस ओलावा द्यायचा असतो, आणि प्रत्यक्षात १४ दिवसांपर्यंत देतात. म्हणजे डासाच्या एका पिढीला लागतो नेमका तेवढाच काळ, आणि वरच्या मजल्याचा स्लॅब पडला की पुढची पिढी तिथे सुरू.

कोरडा दिवस पाळा असं साइट इंजिनीअरला सांगितलं तर तो ऐकणार नाही, आणि ते बरोबरच आहे, ताजा स्लॅब सुकला तर भेगा पडतात. त्यासाठी काम दोन तासांत उरकायचं. पाचव्या-सहाव्या दिवशी आळ्यांना एका बाजूने तोंड पाडून सगळं पाणी खराट्याने जोरात लोटून द्यायचं, कोपऱ्यांत आणि सळ्यांच्या बुडाशी उरलेलंही झाडायचं, आणि लगेच ताजं पाणी भरायचं. पाणी नुसतं सोडून दिलं तर ओल्या चिखलात अळ्या काही तास तग धरतात आणि नव्या पाण्यात परत पोहायला लागतात. म्हणून खराटा महत्त्वाचा. लोटलेलं पाणी तापलेल्या मोकळ्या जमिनीवर गेलं पाहिजे, खालच्या मजल्यावरच्या डक्टमध्ये गेलं तर आपण अळ्यांना फक्त जागा बदलून दिली. ज्यांना जमेल त्यांनी आळी करूच नयेत, स्लॅबवर गोणपाट पसरून दिवसातून तीन-चार वेळा भिजवावं. पाणीही कमी लागतं. मुकादमाला मात्र हे आवडत नाही, कारण भिजवायला माणूस अडकतो.

क्युरिंगच्या पाण्यात औषध टाकून मोकळं होण्याची पद्धत आहे. टेमेफॉस, ज्याला सगळे अ‍ॅबेट म्हणतात, ते क्षारीय पाण्यात लवकर विघटित होतं, आणि ताज्या सिमेंटवरचं पाणी चांगलंच क्षारीय असतं. त्यामुळे आठवडाभराच्या परिणामाची खात्री तिथे देता येत नाही. स्लॅबवर खराटाच भरवशाचा.

साइटवरच्या बाकी जागा, ज्या हमखास सुटतात:

प्रत्येक मजल्यावर गवंड्यांसाठी भरून ठेवलेलं २०० लीटरचं पिंप. काम वरच्या मजल्यावर सरकतं, पिंप खालीच राहतं. मजला सोडताना पिंप उपडं करणं हे मुकादमाच्या कामाच्या यादीत लिहून द्यावं.

संडास-बाथरूमचा खोलगट संकन स्लॅब. गळती तपासायला त्यात पाणी भरून ठेवतात, आणि तपासणी झाल्यावर ते तसंच राहतं. एका इमारतीत असे शेकडो कप्पे असतात. पाणी भरल्याची तारीख दारावर खडूने लिहिली की सहाव्या दिवशी ते उपसलं गेलं का, हे लांबूनही कळतं.

लिफ्टचा खड्डा. अंधार, जमिनीतून झिरपणारं पाणी, आणि आत उतरायची कोणाचीच इच्छा नाही. कायमचा इलाज वॉटरप्रूफिंग आणि आपोआप चालू होणारा छोटा पंप. तोवर थर्माकोलचे बारीक मणी टाकता येतात. पाण्यावर एक सेंटीमीटरचा थर पसरला की मादीला अंडी घालता येत नाहीत आणि अळीला श्वास घेता येत नाही. एका चौरस मीटरला १० लीटर मणी, म्हणजे दोन बाय दोन मीटरच्या खड्ड्याला ४० लीटर. हे फक्त बंदिस्त, न वाहणाऱ्या पाण्यात. पूर येईल, वारा लागेल किंवा पंप ओढून घेईल अशा जागी टाकू नयेत. मणी नाल्यात आणि तिथून समुद्रात जातात.

तळघर. पंपाने उपसलं तरी सक्शन तुटल्यावर शेवटचं चार-पाच सेंटीमीटर पाणी उरतं, आणि आधीच्या सगळ्या अळ्या त्यात गोळा होतात. एका कोपऱ्यात फूटभर खोल खड्डा करून पंप त्यात ठेवला आणि उरलेलं पाणी वायपरने तिकडे ओढलं तरच उपसणं पूर्ण होतं. कोर्टकचेरीत अडकून काम थांबलेल्या साइट्सची तळघरं तर पावसाळ्यानंतरही महिनोनमहिने भरलेली असतात. तिथे मासे आणि जिवाणूजन्य औषध दोन्ही लागतात.

शिवाय कामगार तिथेच, पाण्यापासून पन्नास पावलांवर, मच्छरदाणीशिवाय झोपतात. आजारी माणूस, डास आणि नवा माणूस एकाच कुंपणात. गोव्यात बांधकाम मजुरांची रक्ततपासणी करून त्यांना आरोग्यकार्ड देण्याची पद्धत आहे, ती यासाठीच. पाण्याच्या कामाला या तपासणीची जोड नसेल तर निम्मी मेहनत फुकट जाते.

औषधाचं प्रमाण, आणि ते लागू का पडत नाही

टेमेफॉसची पिण्याच्या पाण्यातली कमाल मर्यादा लीटरला १ मिलीग्रॅम. एक टक्का दाणेदार टेमेफॉस असेल तर १० लीटरला १ ग्रॅम, २०० लीटरच्या पिंपाला २० ग्रॅम. दाणे सुटे टाकले तर पिंप रिकामं करताना निघून जातात, म्हणून ते जुन्या सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधून आत सोडायचे. न पिण्याच्या साचलेल्या पाण्यासाठी ५० टक्के द्रवरूप टेमेफॉस १० लीटर पाण्यात अडीच मिलीलीटर मिसळून, काठाच्या दर मीटरला सुमारे २० मिलीलीटर द्रावण फवारतात, आठवड्यातून एकदा. पिण्याच्या टाकीत हे द्रवरूप औषध स्वतःच्या अंदाजाने ओतू नये. टाकीचा इलाज झाकण आहे.

बीटीआय हा जिवाणू १९७६ साली इस्रायलच्या नेगेव वाळवंटातल्या एका डबक्यात सापडला. अळीने तो गिळला की त्यातले प्रथिनांचे स्फटिक तिच्या आतड्यात विरघळून आतडं फाडतात. मासे, माणसं, गुरं यांना धोका नाही. पण यात दोन खाचा आहेत. कोष काही गिळत नाही आणि चौथ्या अवस्थेच्या शेवटी अळीही खाणं थांबवते, त्यामुळे फवारणीच्या दिवशी कोष असतील तर ते डास होऊन उडणारच. दुसरं, अ‍ॅनोफिलीसची अळी फक्त पाण्याच्या वरच्या पापुद्र्यातलं खाते, आणि बीटीआयचे कण काही वेळात तळाशी बसतात. क्युलेक्सला जेवढे दिवस पुरतं तेवढे दिवस ते अ‍ॅनोफिलीसला पुरत नाही. उन्हातही ते लवकर निष्प्रभ होतं. म्हणून आठवड्याला फेरी हवीच, आणि फवारा बारीक, पृष्ठभागभर पसरलेला हवा. एका जागी बादली ओतली की औषध सरळ तळाला जातं.

पायरीप्रॉक्सिफेन आणि डायफ्लुबेन्झुरॉन ही वाढ रोखणारी औषधं. त्यांत घोटाळा वेगळाच होतो. पायरीप्रॉक्सिफेन घातल्यावर अळ्या पोहत राहतात, आणि तपासणीला आलेला माणूस औषध बनावट आहे म्हणून शेरा मारतो. ते मारतं कोषावस्थेत. खात्री करायची तर त्या पाण्यातले वीसेक कोष त्याच पाण्यासकट बरणीत घ्यायचे, तोंडाला मलमलचं कापड बांधायचं आणि तीन दिवस ठेवायचं. डास बाहेर आले तर औषध लागू नाही, कोष काळे पडून मेले तर सगळं ठीक.

जळकं ऑइल विहिरीत किंवा तळघरात ओतण्याची सवय मात्र सोडावी. तेलाचा तवंग अळीचा श्वास कोंडतो हे खरं, पण जळक्या ऑइलमधले जड धातू जमिनीत झिरपतात, आणि वाऱ्याने तवंग एका बाजूला ढकलला की दुसरी बाजू उघडी पडते.

गप्पी मासे आणि टीसीएल

महाराष्ट्रात प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात गप्पी माशांचे हौद असतात, मासे मोफत मिळतात. काठाच्या दर मीटरला ५ ते १० मासे सोडायचे, अळ्या खूप असतील तर दुप्पट. नेताना पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि वर हवा ठेवायची, आणि पोचल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटं त्या पाण्यावर तरंगत ठेवायची, तापमान जुळलं की मग तोंड सोडायचं. काठचं गवत आणि तरंगता कचरा काढल्याशिवाय मासे सोडण्यात अर्थ नाही, अळ्या त्यातच दडतात.

गावाकडे मात्र हमखास एक विरोधाभास घडतो. आरोग्यसेवक पिण्याच्या विहिरीत गप्पी सोडतो आणि त्याच आठवड्यात जलसुरक्षक त्याच विहिरीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर, टाकतो. क्लोरीनने मासे मरून वर येतात आणि गावात बोंब होते. पिण्याच्या विहिरीला टीसीएल आणि जाळी, पडीक विहिरीला मासे, असं सरळ वाटून घ्यावं.

गँबुसिया गप्पीपेक्षा खादाड आहे, पण तो इतर माशांची अंडी-पिल्लंही फस्त करतो. त्याला बंदिस्त हौदाबाहेर, ओढ्या-नदीत, कधीही सोडू नये. गोव्यात १९९०च्या दशकात स्टीफेन्सीविरुद्ध बीटीआयच्या जोडीला अ‍ॅप्लोकायलस ब्लॉकी हा स्थानिक, पृष्ठभागालगत राहणारा मासा वापरून पाहिला गेला. स्थानिक मासा मिळत असेल तर तोच बरा.

विहिरी, आणि जिथे हा उपाय चालत नाही

मुंबईला हे नवीन नाही. १९११ साली ब्रिटिश मलेरिया-तज्ज्ञ चार्ल्स बेंटली यांनी शहरातल्या मलेरियाचा अहवाल दिला तेव्हा मुख्य दोषी ठरल्या घरोघरच्या विहिरी. त्या बुजवायला किंवा झाकायला धार्मिक कारणांनी विरोध झाला, नोटिसा आणि वाटाघाटी वर्षानुवर्षं चालल्या. १८८८च्या मुंबई महापालिका कायद्यातलं कलम ३८१ आजही त्याच कामाला येतं, डासांची पैदास आढळली की नोटीस त्याच कलमाखाली निघते. विहिरींची जागा आता टाक्यांनी आणि तळघरांनी घेतली, एवढाच फरक.

उलट गडचिरोलीत हीच पद्धत घेऊन गेलात तर हात टेकाल. तिथे डास वेगळे: अ‍ॅनोफिलीस क्युलिसिफेसिस आणि फ्लुव्हिएटिलिस. त्यांची पैदास ओढ्याच्या गवताळ काठाला, पात्रातल्या खडकांवरच्या डबक्यांत, भातखाचरांत, गुरांच्या खुरांच्या ठशांत साचलेल्या पाण्यात. पाऊस पडला की जागा हजारोंनी वाढतात आणि दर आठवड्याला बदलतात. जागतिक आरोग्य संघटनाही अळीनियंत्रण सुचवते ते जागा मोजक्या, ठरलेल्या आणि शोधता येण्याजोग्या असतील तिथेच, तेही इतर उपायांना जोड म्हणून. जंगलपट्ट्यात कीटकनाशकभारित मच्छरदाणी, घरातली फवारणी आणि गावातच होणारी रक्ततपासणी यांनाच पैसा द्यावा. फार तर पाझरणाऱ्या कालव्याची दुरुस्ती आणि गावालगतच्या ओढ्याचा काठ साफ ठेवणं.

शहरी स्टीफेन्सीचा प्रश्न मात्र आता आपल्यापुरता उरलेला नाही. २०१२मध्ये तो जिबूतीत सापडला, नंतर इथिओपियात. आफ्रिकेतल्या शहरांत पाण्याच्या टाक्या आणि बांधकामं वाढताहेत, आणि तिथल्या आरोग्य खात्यांचा सगळा अनुभव ग्रामीण डासांचा. टाकीला शिडी का हवी, हे तिथे आता कळू लागलंय.

वही आणि महिना

आवारातल्या प्रत्येक पाण्याच्या जागेला रंगाने क्रमांक घाला, रिकाम्या असलेल्या जागांनाही. वहीत क्रमांक, पाणी आहे की नाही, लहान अळ्या, मोठ्या अळ्या, कोष, काय केलं, सही. फेरीचा वार ठरलेला ठेवा. वार बदलला की सातचे दहा दिवस होतात. महिन्यातून एकदा, फेरी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या माणसाने कोणत्याही पाच जागा पुन्हा तपासाव्यात. ‘कुलूप होतं’ असा शेरा सलग दोनदा आला तर ती जागा पॉझिटिव्ह धरूनच चालावं.

काम सुरू केल्यावर लगेच रुग्णसंख्येकडे बघू नका. व्हायवॅक्स मलेरियाचा परजीवी यकृतात दडून राहतो आणि नवा डास न चावताही काही महिन्यांनी पुन्हा ताप आणतो. त्यासाठी प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा कोर्स डॉक्टरांच्या सल्ल्याने पूर्ण करावा लागतो, आणि तो बरेच जण तिसऱ्या दिवशी सोडतात. पहिले काही महिने कोषांचा रकानाच बघा.

आणि हे सगळं जूनमध्ये सुरू करू नका. उन्हाळ्यात बाहेरची डबकी आटलेली असतात, स्टीफेन्सी तेव्हा टाक्या, विहिरी आणि तळघरांतच तग धरून असते. तेव्हा जागा कमीत कमी असतात आणि गच्चीवर चढणंही सोपं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्या टाक्या उघडून मोजमाप घ्या, एप्रिलमध्ये झाकणं, जाळ्या आणि शिड्या बसवून घ्या. मे महिन्यात प्लंबर गावी गेलेला असतो.